काय-की मॅडम

'काय की' हे दोन शब्द आमच्या मराठवाड्यात पाळण्यातल्या पोरालाही पाठ असतात. गाडी कधी लागणार? काय की. सरपंच घरी आहेत का? काय की बा. उत्तर माहीत नसलं, किंवा माहीत असून द्यायचं नसलं, की माणूस खांदे उडवतो, 'काय की' म्हणतो आणि मोकळा होतो. मी लाल गाडीवर कंडक्टर आहे, दिवसातून पन्नास वेळा म्हणते. पण दवाखान्याच्या खुर्चीत बसून, रडकुंडीला आलेल्या आईच्या तोंडावर 'काय की' म्हणणारी बाई मी जन्मात एकच पाहिली.

"मॅडम, माझी पोरगी बरी होईल ना?" असं मी विचारलं होतं. उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना. ड्यूटीवरून तशीच गेले होते, अंगावर खाकी. माझी ऋतुजा माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलेली.

"काय की," मॅडम म्हणाल्या.

असा राग आला मला! दारू पिऊन चढलेल्या गड्याला कॉलर धरून खाली उतरवणारी बाई मी, मला कुणाची भीड नाही. "हे सांगायला इतकं शिकलात का?" मी फाडकन बोलले. त्यांनी चष्मा काढला, तो दोरीला गळ्यात लटकत राहिला. "शिकले म्हणून तर हे म्हणायची हिंमत आली, कंडक्टरबाई. बसा खाली. उठून गेलात तर पुढचं ऐकणार कोण?" बसले. का बसले? आज विचार केला तर वाटतं, तोवर सगळ्यांनी मला 'होईल हो बरी' असंच सांगितलं होतं आणि पोरगी काही बरी झाली नव्हती.

ऋतू तेव्हा नऊ वर्षांची होती. मी सकाळी ड्यूटीला निघाले की न्हाणीत जायची आणि सात वेळा हात धुवायची. सात म्हणजे सातच. मधे कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. हात नीट धुतले नाहीत तर आईची गाडी पलटी होणार, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी वाटलं, पोरगी टापटिपीची आहे. मग माझ्या सासूबाईंनी त्याला नाव देऊन टाकलं. "देवाची पोर हाय गं ही. येवढ्याशा वयात किती सोवळं पाळती!" असं म्हणून त्यांनी देवाचं ताट तिच्याकडं दिलं. गल्लीतल्या बाया कौतुकानं बघायला यायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. आम्ही शेतकऱ्याघरची माणसं, लासूर स्टेशनजवळ आमचं रान, शेणामातीत वाढलेलो. आमच्या घरात असं सोवळ्यातलं लेकरू निपजलं याचा अभिमानच वाटला म्हणा ना.

मग बोटांच्या सांध्यांना भेगा पडल्या. गणिताच्या वहीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. आणि एक दिवस मी घरी आल्यावर तिला जवळ घ्यायला गेले तर ती भिंतीला चिकटली. गाडीतली दांडी शंभर माणसं धरतात, तीच मी धरते. "आई, तू गाडीची आहेस. लांब बस," असं म्हणाली. मी न्हाऊन, लुगडं बदलून आले तरी नाही. त्या दिवसापासून वर्षभर माझ्या लेकीनं मला शिवू दिलं नाही. अंगारे झाले, दंडाला धागा झाला, कातडीच्या डॉक्टरचं मलम झालं. त्या बिचाऱ्या डॉक्टरनंच शेवटी मनाचे आजार बघणाऱ्या मॅडमचा पत्ता लिहून दिला.

"सोवळं नाही हे," मॅडम म्हणाल्या. "ओसीडी म्हणतात आता. जुन्या बायकांकडं शब्द होता, मंत्रचळ. शब्द होता, पण उपाय नव्हता म्हणून वापरायला घाबरायच्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र हसत हसत सांगितली, कारण मला ती फार मायेची वाटत होती. ऋतू सकाळी विचारायची, "आई, गाडी पलटी होणार नाही ना?" मी म्हणायची, "नाही गं राणी." तेवढ्यानं भागेना, म्हणून मी दर थांब्यावरून घरी फोन करायचे. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, माळीवाडा, लासूर स्टेशन. फोनवर तिचं तेच, "पलटी होणार नाही ना?" आणि माझं तेच, "नाही." आमचे ड्रायव्हरसुद्धा इतके सवयीचे झाले होते की आरशात बघून ओरडायचे, "ताई, पडेगाव आलं, फोन लावा!"

मॅडम हसल्या नाहीत. "तो 'ना' ऐकलात का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "'होणार नाही' इथवर ठीक. पुढं जो 'ना' लागतो, तो आजाराचा पसरलेला हात आहे. तुम्ही त्यावर रोज 'नाही' ठेवता. तो खातो आणि उद्या दुप्पट मागतो." मग ऋतूकडं वळल्या. "तुझ्या आईच्या गाडीत कुणी तिकीट न काढता बसला तर आई काय करते गं?"

"खाली उतरवते."

"त्याला काय म्हणते?"

"फुकट्या."

"तुझ्या डोक्यातही एक फुकट्या चढलाय. तिकीट काढत नाही आणि वर खिडकीजवळची जागा मागतो. त्याला आपण धक्का मारून नाही उतरवायचं. त्याच्याकडं लक्ष न देता गाडी चालू ठेवायची. कंटाळून आपोआप उतरेल." ऋतू कितीतरी महिन्यांनी हसली. मी खिडकीकडं तोंड केलं आणि नाक पुसलं.

मॅडमची खासियत ही होती. प्रत्येक लेकरासाठी त्या वेगळा जिना बांधायच्या, अगदी त्याच्या घरातल्या विटा वापरून. बाकावर माझ्याशेजारी हर्सूलची एक बाई बसायची. तिचा नवरा तुरुंगात पहाऱ्याला, आणि मुलगा घराचं कुलूप तास तास ओढून बघायचा. त्याला मॅडमनी कुलपांचा जिना दिला होता. एकदाच लावायचं, आणि मागं न बघता हर्सूलच्या तलावापर्यंत चालत जायचं. ऋतूला मात्र थांब्यांचा. एका लांब कागदावर आमचाच रस्ता काढला, स्टँड ते लासूर, आणि दर थांब्याला एक काम. पडेगावला नळाला हात लावून दोनदाच धुणं. मिटमिट्याला माझ्या तिकिटाच्या पिशवीला बोट लावणं. असं करत करत शेवटी लासूरला लिहिलं होतं, 'आईच्या हातची भाकरी, आई ड्यूटीवरून तशीच आल्यावर.' मी विचारलं, "सगळ्यांना एकच उपचार नसतो का हो?" तर म्हणाल्या, "एका मापाचं ब्लाऊज गल्लीतल्या सगळ्या बायकांना होतं का?" मधे काही महिने गोळ्याही होत्या, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या. मॅडमनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. "गोळीनं गाडीचा घाट सोपा होतो, चढायचा तिलाच आहे," एवढंच म्हणायच्या.

'आधी मी' हा त्यांचा दुसरा मंत्र. लेकराला जे करायला सांगायचं ते आधी स्वतः करायच्या. एका दुपारी त्या स्टँडवर आमच्या उभ्या गाडीत आल्या. जाडजूड बाई, सुती साडी, पायऱ्या चढताना धापा टाकत. चढल्या, दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, सीटच्या पाठीवरून तळवा फिरवला आणि पर्समधला पेरू काढून खचकन चावा घेतला. आमचे ड्रायव्हर बघतच राहिले. "घाण वाटते का हो मॅडम?" ऋतूनं विचारलं. "वाटते की! लई वाटते," त्या चावत म्हणाल्या. "वाटू दे. वाटल्यानं मरत असतो का? काय की! बघू या." आणि उरलेला पेरू तिच्यापुढं धरला. ऋतूनं तो पंधरा मिनिटं नुसता हातात धरला. मग दातांच्या टोकानं साल कुरतडली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबासकी दिली नाही. दोरी ओढल्यासारखा हात करून "टिंग टिंग" म्हणाल्या. डबल बेल, म्हणजे पुढं चला.

पण खरा जिना माझा होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऋतूच्या कागदामागं मॅडमनी माझा कागद लिहिला होता. दर आठवड्याला एक फोन कमी, आणि तिनं काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "काय की." पहिल्या दिवशी पडेगावला फोन केला नाही. मिटमिटा यायच्या आत घरूनच फोन आला. सासूबाई होत्या. "पोर लोळण घेती गं! एक शबूद बोल तिच्यासंगं. आई हायस का कोण हायस?" मागून तिचा आवाज येत होता, "पलटी झाली ना? आई, पलटी झाली ना?" गाडीत साठ माणसं. मी "काय की" म्हणाले आणि फोन ठेवला. शरणापूर फाट्यापर्यंत दम धरला. तिथं मात्र धीर सुटला. फोन लावला आणि "नाही गं माझे राणी, नाही, नाही," असं दहादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगताना मान वर होत नव्हती. त्या रागावल्या नाहीत. "मिटमिट्यापर्यंत तर गेलात," एवढंच म्हणाल्या. "उद्या पुन्हा स्टँडवरून निघा." मी चिडून म्हटलं, "तुम्हाला लेकरू नाही, तुम्हाला काय कळणार!" बोलून गेले आणि जीभ चावली. त्या थोडा वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसल्या. मग म्हणाल्या, "खरं आहे. पण बाप होता मला."

याचा अर्थ मला आठ महिन्यांनी वेरूळला कळला. तोवर ऋतू माळीवाड्यापर्यंत आली होती. त्या रविवारचं काम असं, की देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला हातांनी उचलून ओळीनं लावायच्या आणि हात न धुता उसाचा रस प्यायचा. मॅडमनी आधी स्वतःचा ग्लास संपवला. ऋतूही प्यायली, रडत रडत, पण तळ दिसेपर्यंत प्यायली. मग ती रसवाल्याचा चरक बघत उभी राहिली आणि मॅडम मला देवळाजवळच्या कुंडाच्या पायऱ्यांकडं घेऊन गेल्या. त्या मूळच्या वेरूळच्या, भटजींच्या घरातल्या, हे मला तिथं कळलं.

"या पायऱ्यांवर माझे वडील, अण्णा, आंघोळ करायचे," त्या म्हणाल्या. "एकदा करायचे. वर येताना पान पायाखाली आलं की दुसरी. कुणाचा धक्का लागल्यासारखा वाटला की तिसरी. पहाटे यायचे ते उन्हं वर येईस्तोवर. माणसं लांबूनच हात जोडायची, काय कडक सोवळं म्हणायची. आमच्या घरात आजाराची पूजा झाली, कंडक्टरबाई. मी कोरडं धोतर घेऊन वरच्या पायरीवर उभी असायची. दर पायरीला ते विचारायचे, 'विटाळ नाही ना झाला?' मी म्हणायची, 'नाही अण्णा.' दिवसातून शंभरदा. लई प्रेमानं म्हणायची."

"मग?"

"मग काय. एका हिवाळ्यात छाती भरली. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही विचारलं, 'नाही ना गं?' आणि मी म्हटलं, 'नाही अण्णा.' तेव्हा शिकत होते हेच सगळं, तरी तेच म्हटलं." त्या कुंडातल्या पाण्याकडं बघत होत्या. "तुम्ही शरणापूरला फोन केलात ना, मला काहीसुद्धा राग आला नाही. मी वीस वर्षं केलाय तो फोन." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

लासूर आलं ते पौषात. मी दुपारी गाडीवरून तशीच घरी आले. मॅडम ओट्यावर बसल्या होत्या, सासूबाई दाराआड. मी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि पुढं केला. ऋतूनं माझ्या बोटांकडं बघितलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "आई, गाडी..." असं तिनं सुरू केलं आणि मधेच थांबली. मग तोंड उघडलं. तिचे ओठ माझ्या बोटांना लागले. दोन वर्षांनी लागले हो! मी हमसाहमशी रडायला लागले, तर मॅडम माझ्यावरच खेकसल्या, "गप बसा! तुम्ही असं रडलात तर तिला वाटेल काहीतरी जगावेगळं झालं. भाकरीच खाल्लीये पोरीनं." आणि स्वतः उठून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, चष्म्याची दोरी उगाच सोडवत. दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "मलाबी एक भाकर वाढ गं, तशाच हातानं." त्या माउलीनं माफी मागितली ती तेवढीच.

पुढची चार वर्षं ऋतू बरी राहिली. बरी म्हणजे फुकट्या अधूनमधून हात दाखवायचा, ही गाडी थांबवायची नाही. मॅडमकडं जाणं तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग नुसतं दिवाळीचा फराळ द्यायला. दवाखान्यातली लेकरं त्यांना 'काय-की मॅडम' म्हणायची, तेच नाव आमच्या घरात राहिलं. एका दिवाळीला फराळ द्यायला गेलो तेव्हा त्यांची सुती साडी अंगावर टांगल्यासारखी दिसत होती. ऋतू दहावीत होती, डोळ्यांनी सगळं टिपणारी. तिनं चिवड्याचा डबा ठेवला आणि सरळ विचारलं. मॅडमनीही सरळ सांगितलं. पोटात गाठ आहे, पसरली आहे, उपचार चालू आहेत.

"तुम्ही बऱ्या होणार ना?" ऋतू म्हणाली.

मला वाटलं, एकदा म्हणा हो मॅडम. आजच्या दिवस म्हणा.

"काय की," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. ऋतूही हसली. बाहेर येऊन माझ्या स्कूटरवर मागं बसली तेव्हा माझी पाठ ओली झाली.

त्यानंतर पंधरा दिवसांत न्हाणीतला नळ पुन्हा वाजायला लागला. मी बाहेर उभी राहून ऐकलं. बंद, चालू. बंद, चालू. सातदा. दार उघडल्यावर तिनं लपवलं नाही. "मॅडमसाठी," म्हणाली. "मला माहितीये हा फुकट्याच आहे. पण आई, खरंच काही झालं तर? माझ्यामुळं झालं तर?" पाच-सहा वर्षांची कमाई हातातून निसटताना दिसत होती. आणि ती अडवायला जिच्याकडं धावावं, तीच अंथरुणाला खिळलेली.

तरी मी मॅडमनाच फोन केला. लाज वाटत होती, पण केला, आणि ऋतूला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या धाकट्या बहिणीनं दार उघडलं. मॅडम उशांना टेकून बसल्या होत्या, हाताला सलाईनची पट्टी. "माझ्यासाठी धुतेस म्हणे," त्या ऋतूला म्हणाल्या. "मला विचारलंस का? माझ्या नावावर फुकट्याला पास काढून दिलास, आणि मला पत्ता नाही." मग तिला पलंगावर जवळ बसवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. "हा एक थांबा कागदावर लिहायचा राहिला होता. लासूरच्या पुढचा. इथं तासभर बसायचं. हात धुवायचे नाहीत, मनातल्या मनातही नाहीत. विचार आला की मोठ्यानं म्हणायचं, मॅडम मरतीलही, जगतीलही, काय की."

"मी नाही म्हणणार," ऋतू म्हणाली.

"आधी मी," मॅडम म्हणाल्या. आणि त्या म्हणाल्या हो! स्वतःच्या तोंडानं, शांतपणे, "मी मरेनही. जगेनही. काय की." आवाज कुठं हलला नाही. मग ऋतू म्हणाली. पहिल्यांदा शब्द फुटेना, मग फुटला, मग हुंदक्यांतून, मग नुसता. तास संपला तेव्हा मॅडम दमून डोळे मिटून पडल्या होत्या, पण दोन बोटांनी दोरी ओढल्यासारखं केलं. टिंग टिंग.

निघताना त्यांनी मला खूण करून मागं थांबवलं. "कंडक्टरबाई, मी गेल्यावर ती एक प्रश्न विचारील. कोणता ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या तोंडात 'नाही' येईल. खरं असेल, तरी देऊ नका." मी म्हटलं, "मला जमणार नाही." त्या म्हणाल्या, "मला नव्हतं जमलं." एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

मॅडम माघात गेल्या. सकाळी बहिणीचा फोन आला, मी ड्यूटी बदलून घेतली आणि आम्ही दोघी गेलो. अंगणात माणसं मावत नव्हती. हर्सूलचा तो कुलुपांचा मुलगा आता मिशा फुटलेला, आईचा हात धरून उभा होता. ऋतूनं मॅडमचा हात हातात घेतला, बराच वेळ धरला. मग सगळ्यांबरोबर बाजूला झाली.

आम्ही दुपारी घरी परतलो. मौतीच्या घरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आमच्याकडं कुणी उंबरा ओलांडत नाही. सासूबाईंनी पाणी काढून ठेवलं होतं, पण त्या दारातच घुटमळल्या. मला बाजूला ओढून हळूच म्हणाल्या, "आता गं? हिला आंघोळीला सांगू का नको?" मला तरी काय ठाऊक! हे विचारायचं ज्यांना, त्यांच्याच दारातून आलो होतो. ऋतूनं ऐकलं असावं. "आजी, सगळेच करतात ना? मग मी पण करते," ती म्हणाली. "एकदा."

ती न्हाणीत गेली. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी. तांब्या बुडाल्याचा आवाज, पाणी पडल्याचा आवाज. मी मोजायला लागले आणि आपणच मोजतोय हे ध्यानात आल्यावर कानांवर हात घेतले. हात काढले तेव्हा आत काहीच आवाज नव्हता. नळ चालू झाला नाही. कडी निघाली आणि ऋतू बाहेर आली, ओल्या केसांची, ओठ निळे पडलेली. ती न्हाणीच्या पायरीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "मी सातदा धुतले असते, तर मॅडम वाचल्या असत्या का?"

माझ्या जिभेवर 'नाही' तयार होतं. खरं होतं ते. पोटातल्या गाठीला न्हाणीतल्या नळाशी काय देणंघेणं? माझं लेकरू पंधरा वर्षांचं, थंडीत कुडकुडतंय, आणि एका शब्दानं त्याच्या छातीवरचा धोंडा उतरणार आहे. पण तो शब्द दिला असता तर तिनं विचारलं असतं, 'नक्की ना?' आणि संध्याकाळी पुन्हा, आणि उद्या पुन्हा. मला वेरूळच्या वरच्या पायरीवर कोरडं धोतर घेऊन उभी असलेली पोर आठवली.

"काय की, ऋतू," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले, मला वाटलं आता पुन्हा विचारते. मी पदर मुठीत धरून वाट बघितली.

"मॅडम गेल्या, आई," ती म्हणाली.

पुढं 'ना' नव्हता. मग ती रडायला लागली, आणि मी तिच्याशेजारी पायरीवर बसून तिचा ओला हात हातात धरला.